फुग्याचं कुणी विचारलंच नाही: रुग्णालयात लॅटेक्सची ॲलर्जी कशी सांभाळायची

नऊ वर्षांचा मुलगा होता. जन्मतः पाठीच्या कण्यात दोष, त्यामुळे लघवीवर ताबा नाही, तोवर पाच ऑपरेशनं झालेली. लघवीची नळी बदलायला वॉर्डात आला. केस पेपरवर ‘ॲलर्जी’ या शब्दासमोर ‘नाही’ लिहिलं होतं. सिस्टरने नेहमीचे ग्लोव्हज चढवले, नेहमीची पिवळट तपकिरी नळी घातली. दहाएक मिनिटांत मुलाच्या पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठल्या, ओठ सुजले, छाती घरघरायला लागली. मी शेजारच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) होते, धावत गेले. ॲड्रेनलिन वेळेवर दिलं गेलं आणि मूल वाचलं.

संध्याकाळी त्याच्या आईजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, “सिस्टर, फुगा तोंडाला लावला की याचे ओठ सुजतात, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही औषधाचं विचारलंत. फुग्याचं कुणी विचारलंच नाही.”

तिचं बरोबर होतं. आम्ही चुकीचा प्रश्न विचारला होता. त्यानंतरच्या नोकरीत मी लॅटेक्सच्या ॲलर्जीच्या मागे लागले, ती त्या एका वाक्यामुळे. पुढचं सगळं छोट्या आणि मध्यम रुग्णालयांतल्या सिस्टर, ओटी असिस्टंट, निवासी डॉक्टर आणि रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी लिहिते आहे. मोठ्या रुग्णालयांत यासाठी छापील नियमावली असते. तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये मात्र ही माहिती इन्चार्ज सिस्टरच्या डोक्यात असते, आणि ती रजेवर गेली की तिच्याबरोबर घरी जाते.

आधी शत्रू ओळखू

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यतः केरळातून येतो; दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या वाचकांनी झाडाला तिरकी चीर देऊन खाली वाटी बांधलेली पाहिली असेल. त्या पांढऱ्या चिकात प्रथिनं असतात आणि ॲलर्जी येते ती या प्रथिनांची. साचा चिकात बुडवून ज्या पातळ वस्तू तयार होतात, म्हणजे ग्लोव्हज, फुगे, निरोध, त्यांतून ही प्रथिनं घामाने आणि ओलाव्याने सहज सुटतात. टायर किंवा बुटाचा तळवा अशा साच्यात दाबून, भाजून केलेल्या घट्ट रबरातून ती फारच कमी बाहेर येतात. त्यामुळे एखादी वस्तू किती धोक्याची हे ठरवताना ती रबराची आहे का एवढंच बघू नका. ती पातळ आणि ताणली जाणारी आहे का, आणि शरीराच्या ओल्या भागाला लागणार आहे का, हे बघा. तोंड, योनिमार्ग, मूत्रमार्ग, उघडं पोट, जखम हे सगळे ओले भाग. (भिंतीला लावायच्या लॅटेक्स पेंटचा याच्याशी काही संबंध नाही, तो कृत्रिम असतो. हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो.)

ग्लोव्हजमुळे हाताला होणारे त्रास तीन प्रकारचे असतात आणि त्यांची सारखी गल्लत होते.

पहिला म्हणजे नुसती चिडलेली कातडी. दिवसातून चाळीस वेळा हात धुतले, सॅनिटायझर वाळायच्या आत ग्लोव्हज चढवले की हात कोरडे पडतात, भेगाळतात. ही ॲलर्जी नव्हे. पण भेगाळलेल्या कातडीतून प्रथिनांना आत शिरायला वाट मिळते, म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नका.

दुसरा त्रास रसायनांच्या ॲलर्जीचा. रबर पक्कं करायला थायुराम, कार्बामेट अशी रसायनं घालतात. त्यांची ॲलर्जी असेल तर ग्लोव्हज घातल्यावर एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, बारीक फोड येतात, आणि ते बरोबर ग्लोव्हजच्या काठापर्यंत येतात. त्रासदायक आहे, जिवावरचं नाही.

तिसरी खरी लॅटेक्स ॲलर्जी. ही मिनिटांत सुरू होते: गांधी, डोळे-नाक खाजणं, शिंका, दमा, आणि वाईटात वाईट म्हणजे बीपी कोसळणं. आपण रुग्णाला ज्यापासून वाचवायचं ते हे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला पुढे तिसरा प्रकारही होऊ शकतो, म्हणून ‘हाताला फक्त पुरळ आहे’ असं म्हणून विषय बंद करू नये.

पावडरचं काय

नोकरी लागली तेव्हा दुपारी आम्ही ज्युनिअर मुली वापरलेले ग्लोव्हज धुऊन दोरीवर वाळत घालायचो. मग मोठ्या ट्रेमध्ये पावडर घेऊन एकेक ग्लोव्ह आतून-बाहेरून घोळवायचो, जोड्या लावायचो आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला) द्यायचो. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरपेत ती पावडर तरंगताना स्पष्ट दिसायची. आमच्यातल्या दोघी-तिघी सतत शिंकायच्या. त्या शिंकांचं कारण ती पावडर असू शकतं, हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं.

पावडरचा कण प्रथिनं अंगावर घेऊन हवेत उडतो. म्हणजे ॲलर्जी असलेल्या माणसाला हात लावायचीही गरज नाही. त्याच खोलीत कुणी फटकन ग्लोव्हज काढले तरी पुरे. १९८७ मध्ये एड्सच्या भीतीमुळे अमेरिकेत प्रत्येक रुग्णाला ग्लोव्हज घालून हात लावायचा नियम आला, ग्लोव्हजचा खप प्रचंड वाढला आणि पाठोपाठ ॲलर्जीच्या तक्रारी वाढल्या. १९८८ ते १९९२ या काळात तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे हजारावर तक्रारी आल्या आणि त्यांत १५ मृत्यू होते. एनिमाच्या नळीला लावलेला लॅटेक्सचा फुगा हे त्यातलं एक गाजलेलं कारण. जर्मनीने १९९८च्या सुमारास पावडरचे लॅटेक्स ग्लोव्हज कामाच्या जागेतून हटवायला घेतले आणि कर्मचाऱ्यांतल्या नव्या केसेस उतरत गेल्या. अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून पावडरच्या ग्लोव्हजवर बंदीच आहे. आपल्याकडे ते अजून सर्रास मिळतात, कारण स्वस्त पडतात आणि ओल्या हातावर पटकन चढतात.

तुमच्या रुग्णालयाने यातली एकच गोष्ट करायची ठरवली तर ती ही करा: पावडरचे लॅटेक्स ग्लोव्हज मागवणं बंद करा. एकही ॲलर्जीचा रुग्ण दाखल नसतानासुद्धा, कारण यात आधी वाचतात त्या आपल्याच सिस्टर आणि मावशी.

पायरी १: बरोबर प्रश्न विचारा

“काही ॲलर्जी?” या प्रश्नाला आपला रुग्ण औषधाचं उत्तर देतो. फार तर अंडं आणि वांगं सांगतो. म्हणून दाखल करताना वस्तूंची नावं घेऊन विचारायचं. माझे प्रश्न असे असतात:

“फुगा फुगवताना किंवा फुग्याशी खेळताना कधी ओठ, तोंड खाजलंय का, सुजलंय का?”

“दाताच्या डॉक्टरांनी किंवा बाळंतपणात कुणी ग्लोव्हज घालून तपासल्यावर तिथे खाज, आग, सूज आली होती का?”

“भांडी घासायचे रबरी मोजे चालतात का तुम्हाला?”

“आधीच्या ऑपरेशनच्या वेळी मध्येच बीपी पडलं, अंगावर गांधी आल्या, असं कुणी सांगितलं होतं का?”

“आत्तापर्यंत किती ऑपरेशनं झाली? लहानपणी झाली होती का? लघवीची नळी किती काळ होती?”

“काम काय करता?” हा प्रश्न पाहुणचारासाठी नाही. नर्स, लॅब टेक्निशियन, ब्यूटी पार्लरवाली, रबराच्या कारखान्यातला कामगार, सफाई कामगार हे सगळे रोज लॅटेक्स हाताळतात.

निरोधने त्रास होतो का, हेही विचारायचं असतं. ते नातेवाइकांसमोर विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार. पडदा ओढून, एकट्याला किंवा एकटीला, सरळ आवाजात विचारा.

आता फळांचं. केळं, किवी, ॲव्होकॅडो, पपई यांतली काही प्रथिनं लॅटेक्समधल्या प्रथिनांसारखी असतात, त्यामुळे लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना ही फळं खाल्ल्यावर तोंड-घसा खाजतो. पुस्तकात चेस्टनट लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे त्याचं भाषांतर शिंगाडा करतात. शिंगाडा ही पाण्यातली वेगळी वनस्पती आहे, उपवासवाल्यांनी घाबरू नये. केळ्याच्या बाबतीत एक अडचण आहे. “केळ्याने मला कफ होतो” हे आपल्याकडे निम्मे लोक म्हणतात. तेवढ्यावर काही लिहू नका. “खाल्ल्यावर लगेच, पाच-दहा मिनिटांत ओठ किंवा घसा खाजतो का?” असं विचारा. याला ‘हो’ आलं तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

फुगा, ग्लोव्हज, निरोध, किंवा आधीच्या ऑपरेशनातला न उलगडलेला प्रसंग, यांतल्या एकालाही ‘हो’ आलं तर चाचणी होईपर्यंत ॲलर्जी आहे असंच धरून चालायचं. आणि पाठीच्या कण्याचा किंवा मूत्राशयाचा जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या बाबतीत ‘हो’ची वाटच बघायची नाही. या मुलांना पहिल्या दिवसापासून, पहिल्या नळीपासून लॅटेक्सपासून लांब ठेवायचं. वारंवार ऑपरेशनं आणि नळ्या यांमुळे त्यांच्यात ही ॲलर्जी इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक आढळते.

सर्वसाधारण अंदाज हवा असेल तर १९९७ साली अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने दिलेले आकडे असे होते: नेहमी ग्लोव्हज वापरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते १२ टक्के, सर्वसामान्यांत १ ते ६ टक्के लोक लॅटेक्सला संवेदनशील. ते पावडरच्या भरातले दिवस होते, हे लक्षात ठेवून ते वाचा.

चाचणीबद्दल थोडक्यात. रक्तातलं लॅटेक्सचं आयजीई (ॲलर्जी दाखवणारं प्रथिन) तपासता येतं, पण ते निगेटिव्ह आलं म्हणून फुग्याने ओठ सुजणाऱ्या मुलाला लॅटेक्सची नळी घालायची नाही. रिपोर्टपेक्षा त्याची हकिगत मोठी. टोचून करायची त्वचेची चाचणी ॲलर्जीतज्ज्ञांकडे, इमर्जन्सीची तयारी असलेल्या जागीच करावी. रसायनांच्या ॲलर्जीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात. वॉर्डात ग्लोव्हचा तुकडा हातावर ठेवून ‘बघू काय होतंय’ हा प्रकार कुणीही करू नये.

पायरी २: माहिती रुग्णाच्या आधी पोचली पाहिजे

अपघात होतात ते वॉर्डातून दुसरीकडे जाताना. दाखल करणाऱ्या सिस्टरला माहीत असतं, पण रात्रपाळीला सांगायचं राहतं. सोनोग्राफीवाल्याला कुणी फोन करत नाही. सकाळी रक्त घ्यायला आलेला टेक्निशियन खिशातली रबरी नळी दंडाला बांधून मोकळा होतो.

आम्ही शेवटी पाच ठिकाणी लिहायचं ठरवलं: केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनने, मनगटाच्या पट्टीवर, खाटेच्या डोक्याशी, ओटी लिस्टवर रुग्णाच्या नावापुढे, आणि ड्यूटी बदलताना वाचायच्या वहीत. नुसतं ‘ॲलर्जी’ लिहू नका, ‘लॅटेक्स (रबर) ॲलर्जी’ असं पूर्ण लिहा. मराठीतही लिहा, कारण खाट पुसणाऱ्या आणि स्पंजिंग करणाऱ्या मावशींनाही ते वाचता आलं पाहिजे. त्यांचे जाड रबरी मोजे त्या रुग्णाच्या आसपास नकोत. मुलांच्या वॉर्डात तर दारावरच पाटी हवी की फुगे आणू नका. वाढदिवस असलेल्या शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्यांनाही.

रुग्ण खाली न्यायच्या आधी एक्स-रे, सोनोग्राफी, फिजिओथेरपी जिथे न्यायचा तिथे फोन, आणि फोन कुणी घेतला त्याचं नाव वहीत. या दोन मिनिटांवर माझा सगळ्यात जास्त भर असायचा.

पायरी ३: ट्रे हातात घेऊन फिरा

एका दुपारी, काम कमी असताना, रुग्णाच्या वाटेने चालत जा. गेटपासून ओपीडी, वॉर्ड, ओटी, रिकव्हरी. वाटेत रबराची जी वस्तू दिसेल ती ट्रेमध्ये टाका. पहिल्या वेळी माझा ट्रे वॉर्डातच भरला होता.

दंडाला बांधायची रबरी नळी. बीपीच्या कफची आतली पिशवी आणि बल्ब. जुन्या स्टेथोची नळी (आताच्या बहुतेक पीव्हीसीच्या असतात). गादीवरचा रबरी मॅकिन्टॉश. गरम पाण्याची पिशवी. काही चिकटपट्ट्या आणि इलॅस्टिक क्रेप बँडेज. पुरुषांना बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटर. लाल रबरी कॅथेटर. जखमेतला स्राव बाहेर काढायचा कोरुगेटेड रबर ड्रेन. सलाईनच्या सेटला टोकाकडे असलेला तो छोटा तपकिरी रबरी बल्ब, ज्यात आपण सवयीने सुई टोचून इंजेक्शन देतो. ओटीतली काळी रबरी बॅग आणि काळा मास्क. आर्टरी फोर्सेप्सच्या टोकाला चढवायचे रबरी तुकडे. इन्स्ट्रुमेंटच्या जुड्यांना लावलेले रबर बँड.

फोलीज कॅथेटरबद्दल (मूत्राशयात ठेवायच्या लघवीच्या नळीबद्दल) वेगळं सांगते, कारण इथे अनुभवी लोकही फसतात. पाकिटावर ‘सिलिकोनाइज्ड’ लिहिलेलं असलं की ते सिलिकॉनचं समजलं जातं. तसं नाही. ते लॅटेक्सच आहे, वरून फक्त सिलिकॉनचा मुलामा. पूर्ण सिलिकॉनचं कॅथेटर पारदर्शक दिसतं. मुलाम्याचं पिवळसर तपकिरी. त्या मुलाला घातलेलं हेच होतं.

आणि आपण जुगाड म्हणून रबर वापरतो त्या जागा कुठल्याच परदेशी यादीत सापडणार नाहीत. योनिमार्गातून सोनोग्राफी करताना प्रोबवर निरोध चढवतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला कॅथेटरला निरोध बांधून गर्भाशयात फुगवतात. ग्लोव्हची पट्टी कापून ड्रेन म्हणून ठेवतात. ग्लोव्हचं बोट कापून बोटाला टूर्निके (रक्त अडवायचा पट्टा) म्हणून गुंडाळतात. निरोध-कॅथेटरच्या त्या फुग्याने कितीतरी बायकांचे जीव वाचवलेत, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्या बाईसाठी सिलिकॉनचा तयार बलून लेबर रूममध्ये ठेवलेला असला पाहिजे.

लेबल वाचताना चौकटीतला ‘लॅटेक्स’ हा शब्द शोधा. त्याचा अर्थ वस्तूत लॅटेक्स आहे. ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दावर विश्वास ठेवू नका, तो रसायनं कमी असल्याचं सांगतो, प्रथिनांबद्दल काहीच सांगत नाही. लेबलवर काहीच नसेल तर कंपनीच्या माणसाकडून लेखी मागा. उत्तर येईपर्यंत ती वस्तू लॅटेक्सची समजा.

पायरी ४: पेटी भरा आणि सील करा

रात्री दोन वाजता गावातल्या मेडिकलमध्ये लॅटेक्स नसलेले सर्जिकल ग्लोव्हज मिळत नाहीत. म्हणून पेटी आधी हवी. झाकणाची, वेगळ्या रंगाची एक मोठी प्लास्टिकची पेटी पुरते. त्यात:

तपासणीसाठी नायट्राइल ग्लोव्हज, लहान-मध्यम-मोठे. सर्जरीसाठी पॉलिआयसोप्रीन किंवा निओप्रीनचे स्टराइल ग्लोव्हज, तुमच्या सर्जनच्या नंबरांचे, आणि मोजून दोनपट, कारण एक तरी फाटतोच. पूर्ण सिलिकॉनची फोलीज, मुलांच्या आणि मोठ्यांच्या नंबरांत. कापडी किंवा वेल्क्रोचा टूर्निके. थ्री-वे (सलाईनच्या नळीला जोडायची तीन तोंडांची तोटी), म्हणजे इंजेक्शन रबरी बल्बमधून द्यावं लागणार नाही. सिलिकॉनची अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची), पीव्हीसीचे मास्क आणि ट्यूब. पीव्हीसी किंवा सिलिकॉनचा ड्रेन. लॅटेक्स नसलेलं प्रोब कव्हर. तपासून घेतलेली कागदी चिकटपट्टी. बीपी कफखाली गुंडाळायला कॉटन रोल. ॲड्रेनलिनचे ॲम्प्युल, १ मिलीच्या सिरिंज आणि डोसचं कार्ड.

विनाइलचे ग्लोव्हज स्वस्त असतात, खाट आवरायला ठीक; रक्ताच्या कामाला नकोत, लवकर फाटतात.

वर यादी चिकटवा, टेप लावून सील करा, सीलवर तारीख आणि सही. दर १ तारखेला सील आणि एक्स्पायरी बघायची. सील तुटलेलं दिसलं की त्याच दिवशी भरायचं. सुरुवातीला आमच्या पेटीतले नायट्राइल ग्लोव्हज लोक ‘तात्पुरते’ उचलायचे. सील लावल्यावर ते थांबलं.

पायरी ५: ऑपरेशनचा दिवस

केस सकाळची पहिली लावा. रात्रभरात हवेतले कण खाली बसतात, सकाळी ओल्या फडक्याने पुसून घेतलं की खोली स्वच्छ मिळते. आदल्या संध्याकाळी लॅटेक्सच्या सगळ्या वस्तू बाहेर काढा आणि दारावर पाटी लावा. ग्लोव्हज आणि कपडे एकाच ड्रममध्ये ऑटोक्लेव्ह करायची पद्धत असेल तर या केससाठी कपडे वेगळे लावा, पावडर त्यांना चिकटलेली असते.

सर्जनने ग्लोव्हज बदलले म्हणजे झालं असं नाही. भूलतज्ज्ञ, सर्क्युलेटिंग सिस्टर, वॉर्डबॉय, रिकव्हरीची सिस्टर, खोलीत पाय ठेवणारा प्रत्येक जण लॅटेक्सविना हवा. बीपी कफखाली कॉटन रोल. इंजेक्शन थ्री-वेमधून. औषधाच्या बाटल्यांची बुचं आता बहुतेक कृत्रिम रबराची असतात. खात्री नसेल आणि ॲम्प्युलमध्ये तेच औषध मिळत असेल तर ॲम्प्युल घ्या.

“आधीच एव्हिल आणि स्टेरॉइड देऊन ठेवू, मग काही होणार नाही” असं म्हणणारे भेटतील. एव्हिल हे ॲलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन, पण त्याने ॲनाफिलेक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, टळत नाही. लॅटेक्स लांब ठेवणं हाच उपाय.

इमर्जन्सी सिझेरियन असेल तर पहिल्या केसची वाट कोण बघणार? पेटी उघडा, खोलीतले ग्लोव्हजचे खोके बाहेर काढा, कामाला लागा.

पायरी ६: तरीही झालंच तर

आधी वेळेकडे लक्ष द्या. भुलीचं औषध किंवा अँटिबायोटिकची ॲलर्जी सहसा इंजेक्शननंतर काही मिनिटांत दिसते. लॅटेक्सची अनेकदा उशिरा, ऑपरेशन सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर, सर्जनचे हात पोटात असताना. रुग्ण कपड्यांखाली झाकलेला असल्यामुळे गांधी दिसत नाहीत. दिसतो तो पडलेला बीपी, वाढलेली नाडी, आणि व्हेंटिलेटरचं वाढलेलं प्रेशर. रक्तस्राव नाही, तरी बीपी का पडतंय हा प्रश्न आला की कपडा वर करून कातडी बघा आणि “लॅटेक्स असेल का?” हे मोठ्याने म्हणा.

मग एकाच वेळी दोन कामं. लॅटेक्स काढा: ग्लोव्हज बदला, कॅथेटर काढा, ड्रेन काढा. आणि ॲड्रेनलिन द्या.

वॉर्डात किंवा ओपीडीत: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. मोठ्या माणसाला १ मिलीला १ मिलिग्रॅम ताकदीच्या ॲम्प्युलमधलं ०.५ मिली. मुलांना किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिली. पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. पूर्ण ॲम्प्युल शिरेतून देणं हे हृदय बंद पडल्यावरचं काम आहे; घाबरलेल्या हातांनी इथे ही चूक होते. शिरेतून थोडं थोडं द्यायचं ते भूलतज्ज्ञाने, मॉनिटर लावून.

आपल्याकडे हाताला सवय एव्हिल आणि हायड्रोकॉर्टची (हे स्टेरॉइड). गांधी दिसल्या की आधी ती दोन इंजेक्शनं भरली जातात आणि ॲड्रेनलिनची भीती वाटते. श्वास किंवा बीपी बिघडलेलं असेल तर ॲड्रेनलिन पहिलं, बाकीची नंतर. रुग्णाला आडवं ठेवा, पाय वर, ऑक्सिजन, मोठी शीर घेऊन सलाईन जोरात. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण एकदम उभं करू नका. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर.

सावरल्यावर लगेच घरी सोडू नका. काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते, त्यामुळे निदान रात्रभर देखरेखीखाली. शक्य असेल तर पहिल्या एक-दोन तासांत ट्रिप्टेजसाठी (ॲनाफिलेक्सिस झाली होती का हे तपासायची चाचणी) रक्त घेऊन ठेवा आणि एक नमुना दुसऱ्या दिवशी, तुलनेसाठी.

सिस्टरच्या स्वतःच्या हातांबद्दल

ड्यूटीवर असताना शिंका, डोळे लाल, छाती आवळणं, आणि सुटीच्या दिवशी बरं वाटणं. हे असेल तर लपवू नका. नोकरी जाईल या भीतीने मुली गप्प बसतात. इन्चार्जने अशा मुलीला नायट्राइल द्यावेत आणि तिच्या आसपासच्यांनी पावडरचे ग्लोव्हज बंद करावेत. एवढ्यावर बहुतेक जणींना काम चालू ठेवता येतं. नायट्राइलनेही दोन दिवसांनी पुरळ येत असेल तर रसायनांची ॲलर्जी असू शकते, त्यासाठी ॲक्सिलरेटर (रबर पक्कं करायची ती रसायनं) नसलेले ग्लोव्हज मिळतात. लॅटेक्स ग्लोव्हजखाली खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका, तेलाने रबर खराब होतं. ग्लोव्हज काढल्यावर हात धुवा आणि कोरडे करून मगच पुढचे चढवा.

घरी जाताना

रुग्णाला कार्ड करून द्या, पाकिटात मावेल असं, लॅमिनेट केलेलं. तयार ॲड्रेनलिन पेन आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून गंभीर त्रास झालेल्यांना ॲम्प्युल आणि सिरिंज बरोबर ठेवायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि घरच्या एकाला ती भरायला शिकवा. दातांचा डॉक्टर, फॅमिली डॉक्टर, शाळा, तिघांना सांगायला हवं. दातांच्या डॉक्टरकडे ग्लोव्हजबरोबर रबर डॅमही (दाताभोवती ताणून लावायचा रबराचा पातळ पडदा) असतो.

त्या मुलाच्या कार्डावरचा मजकूर मी आणि त्याच्या आईने मिळून लिहिला. तोच पुढे आम्ही सगळ्यांना द्यायला लागलो:

“मला रबराची (लॅटेक्स) ॲलर्जी आहे. रबरी ग्लोव्हज, रबरी नळी, फुगा मला लावू नका. मला लघवीची नळी पूर्ण सिलिकॉनचीच लागते, ती माझ्या दप्तरात आहे. अंगावर गांधी येऊन श्वास लागला तर आधी ॲड्रेनलिन द्या, मांडीत. मग माझ्या आईला फोन करा.”